रोजची लागवड

दुपारचं जेवून बारेंट आडवा झाला, की आलीदा मागच्या दाराशी लाकडी बूट चढवायची, त्याचाच जुना रेनकोट अंगावर ओढायची आणि त्याने सकाळी लावलेले कंद उकरून काढायला बागेत जायची.

बाग म्हणायची एवढंच. घराच्या मागे कुंपणालगत वाळूमिश्रित मातीचा एक पट्टा, कपडे वाळत घालायचे दोन खांब आणि मागच्या गल्लीत उघडणारं फाटक. पण माती मात्र अस्सल. समुद्राच्या वाळूच्या टेकड्यांमागची ती माती, जिच्यात हिलेखोमच्या आसपासच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या ट्युलिप आणि हायसिंथ पिकवले. बारेंटचा उभा जन्म या मातीत गेला होता. कंद लावणाऱ्या टोळीचा तो मुकादम होता. पाठीमागे हात बांधून ओळीच्या टोकाशी उभा राहिला, की वाकलेल्या माणसांचे कंद आपोआप सरळ रेषेत पडायचे, असं लोक म्हणायचे.

आता त्याला आजचा वार सांगता येत नव्हता. सुरुवातीला चष्मा सापडेना, मग शेजाऱ्यांची नावं सापडेनात, मग धाकट्या भावाला जाऊन किती वर्षं झाली ते सापडेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि आलीदाला म्हणाले, "स्वतःलाही जपा हं." ती 'हो' म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

शरद लागला तसा बारेंट बिघडला. शरद म्हणजे लागवडीचे दिवस, हे त्याचं डोकं विसरलं तरी अंग विसरलं नव्हतं. उजाडायच्या आत उठायचा, बूट शोधायचा आणि चालू पडायचा शेताकडे. ज्या शेतावर तो जायचा तिथे आता घरं झाली होती. एकदा कालव्याच्या काठाने भलतीकडेच निघालेला पोलिसांना सापडला, तेव्हा तो त्यांनाच दम देत होता, "माणसं खोळंबलीत माझी तिकडे. तुम्ही गाडी हळू चालवताय."

त्यानंतरच आलीदाला ती युक्ती सुचली. युक्ती कसली, अडलं म्हणून केलं. बाजारातून तिने निळ्या द्राक्षांच्या कंदांची एक पिशवी आणली आणि मागच्या दाराशी एका क्रेटमध्ये ओतून ठेवली. निळी द्राक्षं म्हणजे खायची नव्हेत. एप्रिलमध्ये वीतभर दांड्यावर द्राक्षाच्या इवल्या घडासारखी निळी फुलं येतात, ती. कंद लसणीच्या पाकळ्यांएवढे, पांढरट, वर कांद्यासारखा पातळ पापुद्रा. स्वस्त, काटक, कुठेही येणारे. बारेंटने नोकरीत असताना त्यांना कधी फारशी किंमत दिली नव्हती. "ती काय, तणासारखी पसरतात," म्हणायचा. पण त्या दिवशी क्रेटमधले कंद दिसताच त्याने गुडघे टेकले आणि सकाळभर कुंपणालगत एकेक कंद बोटांनी खोचत राहिला. जेवायला आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी कामावरून आलेल्या माणसाचा थकवा होता. छान जेवला. दुपारी घोरला.

दुसऱ्या दिवशी उठून म्हणाला, "कंद कुठायत?"

"अरे, काल लावलेस की सगळे."

"काल मी इथे नव्हतोच," तो म्हणाला आणि बूट शोधू लागला.

तो रस्त्यावर निघून गेला आणि तिला सायकल काढून मागे धावावं लागलं. त्या दुपारी तो झोपल्यावर तिने लावलेले सगळे कंद उकरले, माती झटकली आणि पुन्हा क्रेटमध्ये भरून ती होती तिथे ठेवून दिली.

तेव्हापासून तेच चाललं होतं. सकाळी तो लावायचा, दुपारी ती काढायची. सप्टेंबर सरला, ऑक्टोबर सरला, पाऊस लागला. मातीच्या पोटात कंदांना पांढरी मुळं फुटू लागली. ती रोज तिच्या हातांनी तुटायची आणि तिला वाईट वाटायचं. काही कंद मऊ पडले, काहींना बुरशी आली. ते ती कचऱ्यात टाकायची आणि बाजारात जाऊन गुपचूप नवे आणून मिसळायची. दुकानातली मुलगी एकदा म्हणाली, "मोठी बाग दिसतेय तुमची." आलीदा म्हणाली, "हो, संपतच नाही."

तिचा उजवा खांदा धरला होता. गुडघे वाकताना कुरकुरायचे, उठताना बोंबलायचे. ज्या वेळात तिने पाठ टेकायची, त्याच वेळात तिला मातीत वाकावं लागत होतं, कारण दिवसा त्या वेळेखेरीज तो झोपायचाच नाही. संध्याकाळी बटाटे सोलता सोलता तिची मान पुढे पडायची आणि सुरी हातातून सुटायची.

पलीकडच्या हर्मिनाला हे सगळं कुंपणावरून दिसत होतं. हर्मिना विधवा, जिभेने तिखट, मनाने बरी.

"आलीदा, नवरा पेरतोय आणि बायको उपटतेय! हा कुठला गं संसार?"

"तुला काय त्रास होतोय?"

"मला कसला? मला फुकटात करमणूक आहे. पण तू एक दिवस या मातीतच आडवी होशील, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी तुलाही लावून टाकेल."

आलीदाला हसू आलं. हसताना खांद्यात कळ आली.

मुलगी योसीन लांब, ग्रोनिंगनला. ती रविवारी फोन करायची आणि दर वेळी तेच काढायची. गावात म्हाताऱ्यांना दिवसा सांभाळणारं केंद्र होतं. सकाळी गाडी न्यायला यायची, दुपारनंतर आणून सोडायची. आठवड्यातले दोन दिवस तरी बाबांना तिथे पाठव, असं तिचं म्हणणं.

"तिथे काय करतात? बसवून ठेवतात आणि टाळ्या वाजवून गाणी म्हणायला लावतात," आलीदा म्हणायची. "तुझे बाबा टाळ्या वाजवणारे आहेत का?"

"आई, प्रश्न बाबांचा नाहीये."

"मी अजून उभी आहे माझ्या पायांवर."

"किती दिवस?"

यावर आलीदा हवापाण्याविषयी बोलायला लागायची. खरं कारण तिने मुलीला कधी सांगितलं नाही. तिला वाटायचं, एकदा का त्याला दुसऱ्याच्या हाती दिलं, की तो परत आपला म्हणून येणार नाही. आधीच तो थोडा थोडा निघून चाललेला. उरलेला आपणच कसा गाडीत बसवून द्यायचा?

नोव्हेंबरच्या मधल्या एका दुपारी भुरभुर पाऊस होता. बारेंट जेवून खोलीत गेला, पलंग कुरकुरला, आणि ती नेहमीसारखी बाहेर पडली. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, गुडघ्याखाली जुनं पायपुसणं. अर्धी ओळ उकरून झाली असेल, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ बाई!"

तिचे हात मातीतच थांबले.

"तुम्हालाच म्हणतोय. दिवसाढवळ्या लोकांच्या बागेत शिरून कंद चोरताय? लाज नाही वाटत?"

ती वळली. बारेंट मागच्या दारात उभा होता, पायात नुसते मोजे, हातात चालायची काठी, कपाळाची शीर फुगलेली. तिने टोपी मागे सारली, चेहरा त्याला दिसू दिला. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत ओळखीचं काहीही नव्हतं.

असं पूर्वी एकदा झालं होतं. उन्हाळ्यात एका सकाळी त्याने तिला विचारलं होतं, "आपण कोण?" तेव्हा ती हट्टाला पेटली होती. लग्नाचा फोटो आणला, अंगठी दाखवली, "मी आलीदा, तुझी बायको," असं परत परत सांगितलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की तो घाबरून कोपऱ्यात जाऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला. तो सगळा दिवस वाया गेला होता. दोघांचाही.

आता तिच्यात तेवढा जोरही नव्हता.

"चुकलं, साहेब," ती म्हणाली.

"सापडल्यावर सगळेच चुकतात." तो मोज्यांनिशी ओल्या मातीत उतरला. जवळ येऊन त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि हा रेनकोट? अगदी अस्साच माझा होता."

"बाजारात मिळतात असे."

"हं."

कुंपणावर हर्मिनाचं डोकं उगवलं. "अरे बारेंट, काय आरडाओरडा? ती तर..." आलीदाने तिच्याकडे बघून मान हलवली. हर्मिनाचं तोंड उघडंच राहिलं. मग ती काय समजायचं ते समजली, "चालू द्या," म्हणाली आणि खाली बसली. गेली मात्र नाही. तिच्या छत्रीचं टोक कुंपणावर दिसत राहिलं.

"पोलिसांना बोलावू?" बारेंट म्हणाला.

"नको, साहेब."

"मग काढलंत तसं परत लावा. सगळं. मी इथे उभा आहे."

आणि तो खरंच उभा राहिला, ओळीच्या टोकाशी, पाठीमागे हात बांधून. आलीदा पुन्हा वाकली. आपणच उकरलेल्या खड्ड्यांत आपणच कंद ठेवू लागली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्या हाताखाली कधी काम केलं नव्हतं. तिचं काम शेडमध्ये, कंद निवडायच्या सरकत्या पट्ट्यापाशी, बायकांच्या घोळक्यात. तो कामावर कसा बोलतो ते तिने ऐकलंच नव्हतं.

"अहो, एवढ्या वर नको. पहिल्या थंडीत बाहेर पडतील. कंदाच्या तिप्पट खोल जाऊ द्या. हां. बोटं वापरा, बोटं. खुरपं कशाला? खुरप्याला काय कळतंय?"

"असं?"

"आणि टोक वर. उलटा लावलात तरी तो येतो वर, नाही असं नाही. पण बिचाऱ्याला उगाच हेलपाटा. माती दाबू नका. झाका नुसतं, पांघरूण घालतात तसं."

आवाजातला राग कधी विरघळला ते कळलं नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच गुडघ्यांवर बसला आणि दुसऱ्या टोकाकडून लावत तिच्या दिशेने येऊ लागला. त्याची बोटं सरसर चालत होती. पाऊस दोघांच्या पाठींवर पडत होता.

"घरी कोण असतं तुमच्या?" त्याने मान वर न करता विचारलं.

"नवरा."

"कामाला जातो?"

"जायचा. आता बरा नसतो."

"मग त्याचं बघतं कोण?"

"मीच."

"एकटी?"

"एकटीच."

बारेंटने पुढचा खड्डा बोटाने मोकळा केला. मग म्हणाला, "तरीच ही पाळी आली तुमच्यावर." आणि हातातला कंद खोचून पुढे म्हणाला, "त्याला दिसत नाही का, बायकोचे काय हाल झालेत ते?"

आलीदाने पुढचा कंद टोक वर करून ठेवला. कुंपणापलीकडची छत्री हलली.

"तो चांगला माणूस आहे, साहेब," ती म्हणाली.

"असेल. चांगली माणसंही कधी कधी बघत नाहीत." तो खांबाला धरून उठला आणि तिच्यापुढे हात केला. "उठा. पुरे झालं. या पायरीवर बसा जरा. तुम्ही फार दमलात."

हे वाक्य तिला आजवर योसीन म्हणाली होती, डॉक्टर म्हणाले होते, हर्मिना तर रोज म्हणत होती. तिने ते कधी आत घेतलं नव्हतं. आता त्याचा चिखलाने भरलेला हात धरून ती उठली, पायरीवर बसली, आणि आपल्याला पुन्हा उठताच येणार नाही असं तिला वाटलं. तो शेजारी उभा होता. उरलेले कंद त्याने ओंजळीत घेतले आणि तिच्या रेनकोटाच्या खिशात घातले.

"घरी लावा. थोडी माती असेलच ना? कुंडीतसुद्धा येतात."

"आणि तुमच्या बायकोने विचारलं तर?"

"सांगेन, उंदरांनी नेले." मग त्याने डोकं खाजवलं. "पण तिला नाही पटायचं. हे कंद उंदीर खात नाहीत, तिला माहितेय. शेडमध्ये होती ना ती. काहीतरी सांगेन. तुम्ही जा आता, ती येईल एवढ्यात."

म्हणजे तिला जाणं भाग होतं. मागचं फाटक उघडून ती गल्लीत आली. खिशात कंद, पायांत लाकडी बूट, आणि स्वतःच्या घरापासून दूर चाललेली. गल्ली ओलांडून, कोपऱ्यावरच्या बेकरीवरून वळसा घालून ती पुढच्या रस्त्याला लागली. बेकरीवाल्याने काचेआडून हात हलवला. पुढच्या दाराशी पोचली तेव्हा किल्ली आत राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. स्वतःच्या दाराची घंटा वाजवून ती पावसात उभी राहिली. रेनकोट मात्र तिने आधीच काढून, गुंडाळून काखेत मारला होता.

बारेंटनेच दार उघडलं.

"अगं, कुठे होतीस?" तो म्हणाला. "चिंब भिजलीस की! कोट कुठाय तुझा?"

'ओ बाई' नव्हे, 'अगं'. तिने उंबऱ्याआत पाऊल टाकलं.

"जरा बाहेर गेले होते," ती म्हणाली. "तुझे मोजे काढ आधी. ओले झालेत."

संध्याकाळी केलची हिरवी पालेभाजी घालून कुस्करलेले बटाटे आणि सॉसेज असं जेवण होतं. बारेंट चवीने जेवला. जेवता जेवता काटा खाली ठेवून म्हणाला, "आज बागेत एक बाई शिरली होती. कंद चोरत होती."

"मग?"

"मग काय, पकडली. आधी चांगला आवाज चढवला. पण मग राहवेना. दमलेली होती गं, फार. उभ्या उभ्या झोपेल अशी. नवरा आजारी आहे म्हणाली. थोडे कंद मीच देऊन टाकले." त्याने आलीदाकडे जरा भीतभीत पाहिलं. "रागावलीस?"

"नाही रे."

"तिच्याकडे कुणीतरी बघायला पाहिजे. असं मला वाटलं."

आलीदा ताटं उचलून मोरीशी गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत राहिला. बारेंट मागून म्हणाला, "पाणी वाया जातंय." तेव्हा तिने तो बंद केला, हात पुसले आणि रविवार नसताना योसीनला फोन लावला.

"त्या केंद्रात बाबांचं नाव घाल," ती म्हणाली.

योसीनने मनात जुळवलेली सगळी भांडणं एकदम बिनकामाची झाली असावीत. "आई, काय झालं? पडलीस का?"

"नाही. दमलेय." आणि तोंडून निघून गेल्यावर तिने ते परत म्हटलं. "योसीन, मी फार दमलेय गं."

केंद्रात जागा लगेच नव्हती. डिसेंबर उजाडेपर्यंत थांबावं लागलं, आणि ते दिवस काही सोपे गेले नाहीत. आलीदाने कंद पुन्हा उकरले नाहीत. सकाळी बारेंट रिकामी क्रेट उलटी करून बघायचा आणि चिडायचा. ती सांगायची, "काम संपलं बारेंट, सगळं लावून झालं." तो विश्वास ठेवायचा नाही. मग ती कोट चढवायची आणि त्याचा हात धरून कालव्याच्या काठाने फिरवून आणायची. कधी हर्मिना न्यायची, आणि वाटभर त्याला टोमणे मारायची, "चल मुकादम, आज माझी हजेरी घे." चालणंही दमवणारंच होतं. पण त्यात पाठ सरळ राहायची, आणि दुपारी तो झोपला की तीही झोपायची.

केंद्राची गाडी पहिल्यांदा आली, तेव्हा तो दारातच अडून बसला. "कुठे नेताय? मला काम आहे." ड्रायव्हर चांगला होता. घाई न करता गाडीच्या पायरीवर बसून राहिला. शेवटी बारेंट चढला, पण जाताना त्याने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. गाडी वळणाआड गेली. आपण एक मोठं पाप केलं असं वाटून ती आत आली, कॉफी ओतली, आणि कोट न काढताच खुर्चीत झोपी गेली. जाग आली तेव्हा कॉफीवर साय धरली होती आणि गाडी परत दाराशी उभी होती. बारेंट उतरला. त्याला कुठे जाऊन आलो ते आठवत नव्हतं. एवढंच म्हणाला, "सूप अळणी होतं."

तो परत आला, तेवढं तिला पुष्कळ झालं.

एप्रिलमध्ये कुंपणालगत निळी द्राक्षं फुलली. सगळी नाहीच. मुळं तुटून तुटून निम्मे कंद दमले होते. काही ठिकाणी नुसतीच लांबोळी पात, काही ठिकाणी काहीच नाही, आणि एका टोकाला मात्र इतकी दाट, की माती दिसेना. मधमाश्या आल्या. हर्मिनाने कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाली, "दात पडलेल्या माणसाने हसावं तसं दिसतंय."

त्या दुपारी तो गाडीतून उतरल्यावर आलीदाने त्याला थेट बागेत नेलं. बारेंट ओळीच्या टोकाशी उभा राहिला, हात पाठीमागे गेले. त्याने बराच वेळ पाहिलं.

"कोणी लावलं हे?"

"का? बरं नाही?"

"इकडची ओळ बघ, कशी वाकडी गेलीये. आणि इथे खंड. हे माझं काम नाही."

"ते माझं आहे," आलीदा म्हणाली.

"तरीच," तो म्हणाला, आणि तिच्या दुखऱ्या खांद्यावर हात टेकून पायरी चढू लागला. तिने खांदा काढून घेतला नाही. आत वाटाण्याचं सूप गॅसवर होतं, ते खाली लागायच्या आत ढवळायला हवं होतं.